पाणी बनवा, वीज मिळवा!

बरगी धरण पाहिलंय ना? तिथं नर्मदेचं पाणी जोरात खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि वीज तयार होते. पण असंही एक यंत्र आहे, ज्यात पाणी पडत नाही, वाहत नाही, उकळतही नाही. त्यात पाणी चक्क तयार होतं, आणि तयार होता होता वीज देतं! त्याचं नाव फ्युएल सेल, म्हणजेच इंधन-घट.

पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं बनलेलं असतं, हे तुम्हाला माहीत आहेच. हायड्रोजन पेटवला की तो हवेतल्या ऑक्सिजनशी जोडला जातो, भरपूर उष्णता निघते आणि पाण्याची वाफ होते. फ्युएल सेलमध्येही जोडणी हीच, पण ज्वाला नाही, आवाज नाही. मग वीज येते कुठून?

हायड्रोजनचा अणू अगदी साधा: एक प्रोटॉन आणि एक इलेक्ट्रॉन, बस्स. सेलच्या एका बाजूनं हायड्रोजन आत येतो. तिथं प्लॅटिनमचे बारीक कण असतात. त्यांच्या सहवासात प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे होतात. मधोमध एक पातळ पडदा आहे आणि पलीकडे ऑक्सिजन वाट बघतोय. आता समजा, ग्वारीघाटावर दोन भावंडांना नर्मदेपलीकडे जायचंय. एकाला नावेत जागा मिळाली. दुसऱ्याला नावाडी म्हणाला, ‘तू तिलवाऱ्याच्या पुलावरून ये!’ पडदा हेच करतो. प्रोटॉनला तो थेट पलीकडे सोडतो, इलेक्ट्रॉनला मात्र अडवतो. मग इलेक्ट्रॉन बिचारा बाहेरच्या तारेतून लांबचा फेरा मारतो. तारेतून इलेक्ट्रॉन वाहणं म्हणजेच तर वीज! वाटेत तो दिवा लावतो, मोटर फिरवतो. पलीकडे दोघं पुन्हा भेटतात, ऑक्सिजनला जाऊन मिळतात आणि पाणी तयार होतं. किती सुंदर युक्ती आहे ही!

एका सेलमधून साधारण 0.7 व्होल्ट मिळतात, म्हणजे आपल्या पेन्सिल सेलच्या निम्म्याहूनही कमी. म्हणून असे शेकडो सेल एकाला एक जोडून चळत करतात.

ही कल्पना आजकालची नाही बरं का. विल्यम ग्रोव्ह या शास्त्रज्ञानं 1839 मध्येच या तत्त्वावर वीज मिळवून दाखवली होती. पण तिचं खरं चीज झालं अंतराळात. चंद्रावर गेलेल्या अपोलो यानांना फ्युएल सेलनी वीज पुरवली, आणि त्यातून निघालेलं पाणी अंतराळवीर पीत होते! आपल्या इस्रोनंही 1 जानेवारी 2024 ला सुटलेल्या पीएसएलव्ही-सी58 रॉकेटसोबत एक छोटा फ्युएल सेल पाठवला. त्यानं अंतराळात 180 वॉट वीज दिली.

जमिनीवरची मोठी बातमी मात्र पुण्याची. 21 ऑगस्ट 2022 ला तिथं देशी बनावटीची हायड्रोजन फ्युएल सेल बस लोकांसमोर आली. ती केपीआयटी ही कंपनी आणि सीएसआयआर यांनी मिळून घडवली होती. सीएसआयआर म्हणजे आपल्या देशातल्या कितीतरी सरकारी प्रयोगशाळांचा मोठा परिवार. पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्यातलीच. अशा बसच्या मागच्या नळीतून धूर येत नाही, येते ती पाण्याची वाफ. शिवाय टाकी काही मिनिटांत भरते. बॅटरीसारखं तासन् तास चार्जिंगला लावून बसायला नको.

मग सगळ्याच गाड्या अशा का नाहीत? कारण हायड्रोजन फार अवघड पाहुणा आहे. तो इतका हलका, की एक किलो हायड्रोजनला साध्या दाबाला 11-12 घनमीटर जागा लागते, म्हणजे जवळजवळ एक छोटी खोलीच! म्हणून मोटारीच्या टाकीत तो हवेच्या 700 पट दाबानं कोंबावा लागतो. तो गळतो चटकन, पेटतो चटकन, आणि दिवसाउजेडी त्याची ज्योत जवळपास दिसतही नाही. प्लॅटिनम महाग, ते वेगळंच.

मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो तो प्रश्न असा: हायड्रोजन आणायचा कुठून? आज जगातला बराचसा हायड्रोजन नैसर्गिक वायू आणि कोळशापासून बनतो. त्यात कार्बन डायऑक्साइड निघतोच. गाडीतून नाही, तर कारखान्यातून. विजेनं पाणी फोडून हायड्रोजन बनवता येतो. ती वीज सूर्याची, वाऱ्याची किंवा बरगीसारख्या धरणाची असेल, तर धूर जवळजवळ नाहीच. पण हिशेब बघा. अशा तीन युनिट विजेपासून हायड्रोजन करा, दाबून भरा, गाडीत पुन्हा त्याची वीज करा. हाती उरतं जेमतेम एक युनिट. तीच वीज थेट बॅटरीत भरली, तर दोनांहून जास्त युनिटं कामी येतात.

म्हणूनच घरच्या छोट्या गाडीला बॅटरी बरी, असं मला वाटतं. फ्युएल सेल शोभतो तो लांब पल्ल्याच्या ट्रकला, बोटीला किंवा जिथं विजेच्या तारा नाहीत तिथल्या रेल्वेला. आपल्या जबलपूरच्या मोठ्या गाड्या तारेवरच्या विजेनं धावतात, त्यांना हायड्रोजनची गरज नाही. पण घरी आजोबांना छोट्या लाइनबद्दल विचारा. जबलपूरहून नैनपूरमार्गे बालाघाटला जाणारी ती चिमुकली गाडी 2015 पर्यंत डिझेल इंजिन ओढत होतं. डोंगरातल्या अशा जुन्या छोट्या मार्गांसाठी रेल्वेनं हायड्रोजनवर चालणाऱ्या 35 गाड्यांची योजना आखली आहे. पहिल्या गाडीसाठी हरियाणातला जिंद–सोनिपत हा 89 किलोमीटरचा मार्ग निवडला, आणि पुढच्या मार्गांच्या यादीत महाराष्ट्रातल्या माथेरानचंही नाव आहे.