वाग्यूचा खिमा: कितीही महाग असला तरी तो खिमाच

मोबाईलवर सध्या एक रील फिरतंय. काळे हातमोजे घातलेला आचारी जाडजूड बर्गर मधोमध कापतो. आत मांस गुलाबी-लाल, कडेने रस गळतोय आणि खाली लिहिलेलं असतं, ‘वाग्यू’. आरोग्य बैठकीत यावरून मला दोन प्रश्न आले. हे मांस एवढं महाग आहे, म्हणजे अंगाला फार चांगलं असतं का? आणि चांगल्या प्रतीचं असेल तर असं अर्धकच्चं खाल्लं तर चालतं का? दुसरा प्रश्न विचारणाऱ्या ताईंचा मुलगा दुबईत कामाला आहे. तिकडे खोलीवर चार पोरं मिळून स्वयंपाक करतात आणि सुपरमार्केटात ऑस्ट्रेलियन वाग्यूचा खिमा पाकिटात मिळतो. म्हणजे प्रश्न नुसता रीलचा नाही.

आधी नावाचं बघू. जपानी भाषेत ‘वा’ म्हणजे जपानी आणि ‘ग्यू’ म्हणजे गाय-बैल. जपानमध्ये चार देशी जातींना आणि त्यांच्या आपसातल्या संकराला वाग्यू म्हणतात. त्यातलं बहुतेक सगळं मांस ‘जपानी काळी’ या एका जातीचं असतं. या जनावराच्या मांसात चरबी बाजूला थर धरून बसत नाही, तर मांसाच्या धाग्याधाग्यात पांढऱ्या जाळीसारखी पसरते. या जाळीला तिकडे 1 ते 12 असे गुण देतात आणि सगळ्यात वरच्या दर्जाला ए-5 म्हणतात. पैसा मोजायचा तो या जाळीसाठी.

आता विचार करा. मांस यंत्रातून काढून त्याचा खिमा केला, की ती जाळी राहते कुठे? चरबी राहते, चवही काही प्रमाणात राहते, पण ज्या रचनेला एवढा भाव आहे ती मोडून गेलेली असते. बरं, खिम्यात जातं तेही बहुतेक मोठे तुकडे कापून उरलेलं. त्यामुळे पाकिटावर ‘वाग्यू’ लिहिलंय म्हणून दुप्पट-तिप्पट पैसे द्यायला माझं मन घेत नाही.

नावातही फरक असतो. जपानच्या बाहेर, अमेरिकेत किंवा ऑस्ट्रेलियात, वाग्यू म्हणून विकलं जाणारं मांस पुष्कळदा अँगससारख्या दुसऱ्या जातीशी केलेल्या संकराचं असतं. जपानमध्ये वेडगाय रोगाची केस 2001 साली सापडल्यानंतर प्रत्येक जनावराला दहा आकडी ओळख क्रमांक देण्याची पद्धत आली. दुकानातल्या मांसावर तो क्रमांक लिहावा लागतो, त्यावरून जनावर कुठे जन्मलं, कुठे वाढलं हे कळतं. पण त्या कायद्यातूनही खिमा वगळलेला आहे. कारण साधं आहे. एका पाकिटात किती जनावरांचं मांस मिसळलं, हे सांगणं अवघड. माझ्या दृष्टीने अख्ख्या विषयातली कळीची गोष्ट हीच आहे. ती पुढे पुन्हा येईल.

पौष्टिकपणाचं बोलू. रक्त वाढवणारं लोह असतं लाल मांसात, पांढऱ्या चरबीत नाही. प्रथिनंही लाल मांसातच. म्हणजे शंभर ग्रॅम खिम्यात तीस ग्रॅम चरबी असेल, तर नुसत्या चरबीतूनच 270 कॅलरी पोटात जातात आणि लोह-प्रथिनांची जागा तेवढी कमी होते. वाग्यूच्या चरबीत ऑलिव्ह तेलातल्यासारखं ओलिक आम्ल जास्त असतं, असं विकणारे सांगतात. ते खरं आहे. पण त्याच चरबीत हृदयाला नको असलेली संपृक्त चरबीही असते, हे ते सांगत नाहीत. ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयाचा त्रास आहे त्यांनी या नावाला भुलू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (2019-21) देशातल्या 15 ते 49 वयाच्या 57 टक्के बायांच्या अंगात रक्त कमी निघालं. आपल्याला गरज आहे ती लाल मांसाची, चरबीची नाही. आपल्याकडचा म्हशीचा खिमा मुळात कमी चरबीचा असतो. रक्ताच्या हिशेबात तो त्या परदेशी पाकिटाला मागे टाकतो.

जपानची एक गोष्ट आपल्या वाचकांना सांगितलीच पाहिजे. इसवी सन 675 मध्ये सम्राट तेम्मूने गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचं मांस वर्षातले काही महिने खायला बंदी केली. पुढे शेकडो वर्षं तिथे गोमांस खाणं कमी दर्जाचं मानलं गेलं. मेलेली जनावरं उचलणं, कातडी कमावणं ही कामं ज्यांच्यावर टाकली त्यांना अपवित्र ठरवून वेगळ्या वस्त्यांत ठेवलं. त्यांना आज बुराकुमिन म्हणतात. 1871 च्या हुकुमाने तो दर्जा कागदावर रद्द झाला, पुढच्याच वर्षी सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचं जाहीर झालं आणि बीफ प्रतिष्ठेचं झालं. मांस प्रतिष्ठेचं झालं, कापणारे मात्र झाले नाहीत. 1922 मध्ये या लोकांनी क्योटोत ‘सुइहेइशा’ ही समतेची संघटना उभी केली. लग्न आणि नोकरीतला भेदभाव त्यानंतरही चालू राहिला. ताटातल्या महागड्या तुकड्यामागे कोणाचे हात आहेत, हे रीलमध्ये दिसत नाही.

आता कच्च्या-पक्क्याचा प्रश्न. मांसाचा अख्खा तुकडा आणि खिमा, यांत आरोग्याच्या दृष्टीने फार मोठा फरक आहे. जनावराच्या आतड्यातले जंतू कापताना मांसाच्या वरच्या बाजूला लागतात. अख्ख्या तुकड्याच्या आत सहसा जात नाहीत. म्हणून जाड तुकडा बाहेरून नीट भाजला की वरचे जंतू मरतात आणि आत थोडा गुलाबी राहिला तरी निभावतं. खिम्यात मात्र वरची बाजू आत जाते, आतली वर येते. यंत्राच्या पात्याला लागलेलंही त्यात मिसळतं. एका जनावराच्या मांसातले जंतू सगळ्या गोळ्यात पसरतात. हे जंतू मांसाची किंमत बघत नाहीत. ए-5 दर्जा चरबीच्या जाळीसाठी दिलेला असतो, स्वच्छतेसाठी नाही.

1993 साली अमेरिकेत एका बर्गर साखळीतले नीट न शिजलेले बर्गर खाऊन सातशेवर लोक आजारी पडले आणि चार मुलं दगावली. जंतू होता ई. कोलाय ओ-157. जपानमध्ये 2011 साली युक्के नावाचा कच्च्या बीफचा पदार्थ खाऊन पाच जण गेले. त्यानंतर तिथल्या सरकारने कच्च्या बीफचे नियम कडक केले आणि 2012 मध्ये गुरांचं कच्चं काळीज विकायला बंदी घातली. ही मांसाची सगळ्यात जास्त तपासणी करणाऱ्या देशांतली उदाहरणं आहेत.

या जंतूने आधी पोटात कळा येतात, मग जुलाब, पुढे जुलाबात रक्त. लहान मुलांत, विशेषतः पाच वर्षांच्या आतल्या, आठवडाभरात मूत्रपिंडावर परिणाम होऊ शकतो. लघवी कमी होते, मूल पांढरं पडतं, चेहरा-पाय सुजतात, मूल मलूल होतं. जुलाबात रक्त दिसलं की मेडिकलमधून जुलाब थांबवायची गोळी आणून देऊ नका, मनाने अँटिबायोटिकही नको. मूल पीत असेल तर ओआरएस देत देत सरळ दवाखाना गाठा आणि काय खाल्लं होतं ते डॉक्टरला सांगा. मांस मोठ्याचं होतं हे सांगायला काही जण लाजतात, घाबरतात. डॉक्टरला ते कळलंच पाहिजे. गरोदर बाईने तर अर्धकच्च्या मांसाला हातच लावू नये. त्यातल्या टॉक्सोप्लाझ्मा नावाच्या परजीवीचा पोटातल्या बाळाला धोका असतो.

मग शिजवायचं कसं? खिमा आतपर्यंत 71 अंश सेल्सिअसला पोचला पाहिजे. परदेशात राहणाऱ्या पोरांनी मांसात टोचायचा छोटा थर्मामीटर घ्यावा, वाग्यूच्या एका पाकिटापुढे त्याची किंमत काही नाही. नुसत्या रंगावर जाऊ नका, काही वेळा खिमा पुरेसा तापायच्या आतच तपकिरी दिसतो. थर्मामीटर नसेल तर टिक्की जाड करू नका, अर्ध्या इंचाची करा आणि झाकण ठेवून वाफेवर शिजवा. वाग्यूच्या खिम्याला तेल घालायची गरज नाही. थंड कढईत टाकून मंद आचेवर ठेवला की त्याचीच चरबी सुटते. सुटलेली चरबी काढून डब्यात थंड करा आणि कचऱ्यात टाका. मोरीत ओतली की ती गोठते आणि गटार तुंबते.

आणि जपानी घरात बाई काय करते, तेही ऐका. तिथे घरोघरी ‘हंबागू’ करतात. खिम्यात परतलेला कांदा, दुधात भिजवलेला पावाचा चुरा आणि अंडं मिसळायचं, टिक्की दोन्ही बाजूंनी लाल करायची, मग झाकण ठेवून आतपर्यंत शिजवायची. काडी टोचून बघायची. पाणी स्वच्छ आलं तर झालं, लालसर आलं तर अजून ठेवायची. पुष्कळदा त्यात डुकराचाही खिमा मिसळलेला असतो, त्यामुळे कच्चं ठेवायचा प्रश्नच नाही. म्हणजे रीलमधला गुलाबी बर्गर जपानी आईच्या स्वयंपाकघरातला नाही. कांदा-पाव घालून थोडा खिमा सगळ्यांना पुरवायचा, ही तर आपलीच रीत झाली. आपण हरभऱ्याची डाळ नाहीतर बटाटा घालतो, एवढाच फरक.

आपल्या राज्याचं स्पष्ट सांगते. महाराष्ट्रात 1976 च्या कायद्याने गाय आणि 2015 च्या दुरुस्तीनंतर बैल-वळू कापायला बंदी आहे. परदेशातून गोमांस आणायलाही परवानगी नाही. म्हणून इथे कोणी स्वस्तात ‘वाग्यू’ देतो म्हणाला तर तो नुसतं नाव विकतोय. भाऊ किंवा मुलगा सुट्टीवर येताना बॅगेत पाकीट आणतो म्हणाला तर त्याला आधीच नको म्हणा. विमानतळावरचा ताप वेगळा, आणि इतक्या तासांच्या प्रवासात मांस खराब होतं ते वेगळं. म्हशीचं मांस परवान्याच्या दुकानातून घ्या आणि बिल मागा.

घेताना तयार खिम्याचा ढीग घेऊ नका. सकाळी जा, तुकडा निवडा, डोळ्यांसमोर बारीक करून घ्या. यंत्रात आधीचा खिमा अडकलेला दिसला तर ते धुवायला सांगा. दुकानदार कुरकुरतो, कुरकुरू द्या. घरी आणलेला खिमा नळाखाली धरू नका, शिंतोड्यांतून जंतू ओट्यावर आणि भांड्यांवर जातात. सुरी, पाट आणि हात साबणाने धुवा, कोशिंबीर वेगळ्या सुरीने चिरा. फ्रीज नसेल तर आणल्या आणल्या चुलीवर चढवा, उन्हाळ्यात तासाच्या वर बाहेर ठेवू नका. फ्रीजमध्येसुद्धा कच्चा खिमा दोन दिवसांच्या वर नको. लोडशेडिंग असलेल्या भागात तर एकच दिवस धरा. उरलेली भाजी पुन्हा खदखदून उकळल्याशिवाय वाढू नका.

पावशेर खिमा, मूठभर भिजवलेली हरभरा डाळ, कांदा, लसूण, घरचा मसाला आणि शेवटी मेथी. कुकरला शिट्ट्या झाल्या की जंतूंचा प्रश्न मिटला. मांसासोबत खाल्लं की डाळीतलं आणि मेथीतलं लोहही अंगाला जास्त लागतं, वरून लिंबू पिळलं तर आणखी. जेवणावर लगेच चहा पिऊ नका, तासभर थांबा. शिजलेलं लाल मांस माणशी आठवड्याला अर्धा किलोच्या आत ठेवावं, असं कर्करोगावर काम करणारे तज्ज्ञ सांगतात. आपल्या घरांत तेवढं कुठे येतं? आलेलं कोणाच्या ताटात जातं, हे मात्र बघा. कर्त्या पुरुषाला आणि मुलाला तुकडे, आणि पाळी सुरू झालेल्या मुलीला नुसता रस्सा, असं अजून बऱ्याच घरांत चालतं. लोह रश्श्यापेक्षा खिम्यात असतं. पुढच्या वेळी वाढताना डावाने खाली तळातून काढा आणि पहिली वाटी तिला द्या.