जॉन गे : एका ऑपेरापलीकडे

जॉन गे (1685–1732) मूळचा डेव्हनमधल्या बार्नस्टेपलचा. लंडनला आला तो रेशमाच्या व्यापाऱ्याकडे उमेदवारी करायला; रमला मात्र लेखणीत.

‘द शेफर्ड्स वीक’ (1714) या काव्यात त्याने गोपकवितेची थट्टा केली. ‘ट्रिव्हिया’ (1716) तर लंडनच्या रस्त्यांवरून पायी कसं चालावं यावरचं तीन सर्गांचं काव्य! बूट कोणते घालावेत, पावसाची चाहूल कशी ओळखावी, खिसेकापूंपासून कसं जपावं, सगळं त्यात येतं. त्या काळचं लंडन बघायचं तर गेचं हेच पुस्तक आधी उघडावं. संगीतकार हँडेलच्या ‘एसिस अँड गॅलाटिया’ची संहिताही मुख्यत्वे त्याचीच. 1727 च्या पद्य नीतिकथा एका लहानग्या राजपुत्रासाठी होत्या. मधल्या काळात साउथ सी कंपनीच्या शेअर्समध्ये हात पोळले, ते वेगळंच.

29 जानेवारी 1728 ला ‘द बेगर्स ऑपेरा’ रंगभूमीवर आला. चोर-दरोडेखोरांची गोष्ट, लोकांच्या तोंडी असलेल्या चालींवरची 69 गाणी आणि पंतप्रधान वॉलपोलला चिमटे. पहिल्याच हंगामात 62 प्रयोग झाले. नाट्यगृहाच्या मालकाचं आडनाव रिच (म्हणजे श्रीमंत) आणि लेखकाचं गे (म्हणजे आनंदी), त्यामुळे शाब्दिक कोट्यांना ऊत आला. पुढचा भाग ‘पॉली’ सरकारने रंगमंचावर येऊच दिला नाही. छापील पुस्तकाने मात्र गे याला भरपूर पैसा मिळवून दिला.

दोनशे वर्षांनी, 1928 मध्ये, जर्मन नाटककार ब्रेख्तने ‘द बेगर्स ऑपेरा’वरून ‘थ्रीपेनी ऑपेरा’ रचला. त्याचाच मराठी अवतार म्हणजे पु. ल. देशपांडे यांचा ‘तीन पैशाचा तमाशा’ (1978).