लिनक्स : दुर्लक्षित, परंतु उपयुक्त संगणक-प्रणाली

ग्रामपंचायतीच्या कार्यालयापासून मंत्रालयापर्यंत आणि प्राथमिक शाळेपासून विद्यापीठापर्यंत संगणक हे कामकाजाचे नित्याचे साधन झाले आहे. दाखले, ठराव, निकालपत्रके, जमाखर्च ही कामे त्यावरच होतात. मात्र ज्या मूलभूत आज्ञावलीमुळे संगणक चालतो, तिचा विचार क्वचितच केला जातो. कळफलक, पडदा, प्रिंटर आणि माहितीचा साठा यांच्यात मेळ घालणाऱ्या या आज्ञावलीला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. बहुसंख्य कार्यालयांत ती मायक्रोसॉफ्ट कंपनीची विंडोज असते. लिनक्स हा तिला असलेला पर्याय होय. टेबलावरील संगणकांत लिनक्सचा जागतिक वाटा 'स्टॅटकाउंटर'च्या मोजणीनुसार फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रथमच ४ टक्क्यांवर गेला.

या पर्यायाकडे आज लक्ष देण्याचे एक व्यावहारिक कारण आहे. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० या आवृत्तीचा नियमित आधार कंपनीने थांबविला. पुढील आवृत्तीसाठी विशिष्ट सुरक्षा-चिप व तुलनेने नवा प्रोसेसर आवश्यक असल्याने अनेक जुने संगणक तिला अपात्र ठरतात. असे संगणक बंद पडत नाहीत. परंतु सुरक्षाविषयक दुरुस्त्या मिळेनाशा झाल्याने ते धोक्याचे होतात. धडधाकट यंत्र भंगारात काढावे की नव्या प्रणालीवर चालवावे, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो.

मुक्त आज्ञावलीची कल्पना

रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये अमेरिकेत 'ग्नू' प्रकल्पाची घोषणा केली. आज्ञावली कोणालाही वापरता, अभ्यासता, बदलता आणि इतरांना देता यावी, हे त्यामागील तत्त्व होते. १९९१ मध्ये हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यांनी प्रणालीचा गाभा तयार केला व पुढील वर्षी तो याच तत्त्वावरील परवान्याखाली आणला. या दोहोंच्या संयोगातून लिनक्स प्रणाली उभी राहिली. टेबलावर ती अल्पसंख्य असली, तरी अँड्रॉइड मोबाइलचा गाभा तीच आहे आणि नोव्हेंबर २०१७ पासून जगातील सर्वाधिक वेगवान ५०० महासंगणक तिच्यावरच चालतात. भारतात 'सी-डॅक' या संस्थेने २००७ मध्ये भारतीय भाषांची सोय असलेली 'बॉस' ही लिनक्सवर आधारित प्रणाली उपलब्ध करून दिली. २०१५ मध्ये केंद्र शासनाने मुक्त स्रोत आज्ञावलीच्या स्वीकाराचे धोरणही जाहीर केले.

केरळचा अनुभव

शालेय क्षेत्रात केरळ राज्याचा अनुभव विशेष उद्बोधक आहे. तेथे २००१ मध्ये 'आयटी ॲट स्कूल' हा प्रकल्प सुरू झाला. पुढे शाळांतील संगणक टप्प्याटप्प्याने मुक्त प्रणालीवर आणण्यात आले. २०१७ मध्ये या प्रकल्पाचे 'काइट' या शासकीय कंपनीत रूपांतर झाले. शाळांच्या गरजेनुसार घडविलेली लिनक्स प्रणाली ही संस्था पुरविते. तीत अध्यापनाला उपयुक्त अशा आज्ञावल्या व मल्याळम भाषेची सोय अंतर्भूत असते. या यशाचे मर्म यंत्रापेक्षा प्रशिक्षणात आहे. शिक्षकांमधूनच प्रशिक्षक तयार करण्यात आले आणि पाठ्यपुस्तकेही त्याच प्रणालीला अनुसरून लिहिण्यात आली. परवान्याचा खर्च वाचला, हा लाभ आहेच. शिवाय विद्यार्थी शाळेतील आज्ञावली घरच्या संगणकावर विनामूल्य व कायदेशीररीत्या वापरू शकतो.

म्युनिकचा धडा

जर्मनीतील म्युनिक महानगरपालिकेने २००३ मध्ये असाच निर्णय घेतला. २०१३ पर्यंत सुमारे १५ हजार संगणक लिनक्सवर आणण्यात आले. तथापि, इतर कार्यालयांशी होणारी कागदपत्रांची देवाणघेवाण व काही विशिष्ट आज्ञावल्या यांविषयी तक्रारी राहिल्या. अखेर २०१७ मध्ये विंडोजकडे परतण्याचा ठराव झाला. प्रणाली विनामूल्य मिळाली तरी बदल विनामूल्य होत नाही. त्याला प्रशिक्षण, देखभाल आणि सातत्य यांची जोड लागते, हा त्यातील धडा होय.

मराठीतील कामकाज

लिनक्सवर मराठी लिहिण्यासाठी युनिकोड व इनस्क्रिप्ट कळफलक यांची सोय आहे. लेखन, कोष्टके आणि सादरीकरण यांसाठी 'लिब्रेऑफिस' हा विनामूल्य संच मिळतो. अडचण येते ती युनिकोडपूर्व टंकांत साठविलेल्या जुन्या कागदपत्रांची. तो टंक नसल्यास मजकुराच्या जागी निरर्थक चिन्हे दिसतात. असे दस्तऐवज आधी युनिकोडमध्ये रूपांतरित करून ताडून पाहणे आवश्यक असते. ही दक्षता संगणक कोणताही असो, घ्यावीच लागते. अन्यथा गावाचे जुने ठराव उद्या वाचताच येणार नाहीत.

बदल कसा करावा

प्रथम सर्व माहितीची प्रत स्वतंत्र ठिकाणी सुरक्षित ठेवावी. अनेक लिनक्स आवृत्त्या पेनड्राइव्हवरून चालविता येतात. त्यामुळे मूळ प्रणालीला हात न लावता चाचणी घेता येते. प्रिंटर, स्कॅनर आणि मुख्यतः डिजिटल स्वाक्षरीचे टोकन चालते की नाही, हे या टप्प्यावर तपासावे. लेखा अथवा देयकांची एखादी आज्ञावली केवळ विंडोजवरच चालत असेल, तर त्या कामाचा संगणक तसाच ठेवावा. संकेतस्थळांवरून होणारी बहुतेक कामे मात्र ब्राउझरमधून दोन्हीकडे सारखीच होतात. एका संगणकावर काही आठवडे काम करून पाहिल्यानंतरच पुढील पाऊल टाकावे आणि वरिष्ठ कार्यालयाची संमती घ्यावी.

कोणतीही प्रणाली सर्वांसाठी सर्वकाळ योग्य नसते. परंतु दुसरा पर्याय आहे याची जाण असणे, हीच निवडीची पहिली पायरी होय. शाळेच्या कपाटात धूळ खात पडलेला एखादा जुना संगणक पुन्हा विद्यार्थ्यांच्या हाती आला, तर हा प्रयोग सार्थकी लागला असे म्हणता येईल.