विषाणूची चूक आणि आपली लस

मागच्या व्याख्यानानंतर एका ताईंनी विचारलं, ‘हिपॅटायटिस बीची लस आहे, मग सीची का नाही?’ प्रश्न साधा, पण मुळाशी नेणारा.

सीचा मजकूर आरएनएचा, सुमारे ९,६०० अक्षरांचा. त्याची नक्कल करणारं विकर आपलं लिखाण पुन्हा तपासत नाही. त्यामुळे एकाच रुग्णाच्या रक्तात थोडे थोडे वेगळे असे असंख्य सी विषाणू असतात. प्रतिपिंडं एकाला ओळखेपर्यंत दुसरा पुढे आलेला असतो.

बीचं विकरही तपासत नाही बरं का! पण त्याचा मजकूर जेमतेम ३,२०० अक्षरांचा, आणि त्यात जनुकं एकमेकांवर चढलेली. एक अक्षर बदललं की दोन प्रथिनं बिघडू शकतात. असे विषाणू सहसा टिकत नाहीत. म्हणून १९८०च्या दशकात आलेली लस आजही काम देते.

आता गंमत बघा. बदलणारा सी बहुतेकांच्या बाबतीत काही आठवड्यांच्या गोळ्यांनी समूळ जातो. मुरलेला बी सहसा जात नाही, कारण तो पेशीच्या केंद्रकात मूळ प्रत ठेवून देतो.

तेव्हा ‘विषाणू हुशार आहे’ असं म्हणू नका. चूक आंधळी असते. टिकेल काय, ते परिस्थिती ठरवते. आणि बीच्या बाबतीत ती परिस्थिती आपल्या हातात आहे: बाळाला जन्मल्यावर २४ तासांत लस द्या.