पुसलेली फाइल जागा का अडवते?

संगणकाच्या आज्ञावली जपण्यासाठी लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ साली ‘गिट’ ही प्रणाली तयार केली. गिटहबवरील भांडारे तिच्यावरच चालतात.

समजा, अशा भांडारात तुम्ही ९० मेगाबाइटची चित्रफीत ठेवून नोंद केली. दुसऱ्या दिवशी ती काढून पुन्हा नोंद केली. भांडार तेवढे हलके होईल का? नाही! जुनी नोंद केव्हाही उघडता यावी, म्हणून गिट तिच्यातील फाइलीही राखून ठेवते.

म्हणून समोर दिसणाऱ्या फाइलींची बेरीज पुरत नाही. आपल्या संगणकावरील प्रतीत ‘गिट काउंट-ऑब्जेक्ट्स -व्ही’ ही आज्ञा द्या. उत्तरातील ‘साइझ-पॅक’ म्हणजे गठ्ठ्यांत बांधलेल्या इतिहासाचे आकारमान, ‘साइझ’ म्हणजे अजून सुट्या असलेल्या भागांचे. दोन्ही आकडे १०२४ बाइटच्या एककात असतात. त्यांची बेरीज करा.

गठ्ठा बांधताना मिळत्याजुळत्या आवृत्त्यांमधील केवळ फरक ठेवता येतो. त्यामुळे मजकुराच्या शेकडो आवृत्त्या थोडक्या जागेत मावतात. चित्रफीत मात्र आधीच आकुंचित केलेली असते; ती आणखी फारशी आकसत नाही. भांडाराची पूर्ण प्रत उतरवून घेणाऱ्या प्रत्येकाला हे ओझे वाहावे लागते.

चुकून नोंदलेला परवलीचा शब्दही असाच मागे राहतो, आणि भांडार पाहू शकणाऱ्या कोणालाही तो वाचता येतो. तेव्हा तपासणी नोंदीपूर्वीच करावी, हे उत्तम.