खरुचीचे दोन पत्ते

१९६८ साली सलीम अली आणि डिलन रिप्ली यांच्या पक्ष्यांवरील दहाखंडी हँडबुकचा पहिला खंड आला. त्यात खरुची गरुड-घारींच्या पाठोपाठ, त्यांच्याच गणात होती. वाकडी चोच, अणकुचीदार नख्या, मांसाहार ही सगळी लक्षणे जुळत होती, त्यामुळे कुणाला त्यात वावगे वाटण्याचे कारण नव्हते. सलीम अलींनी १९३९-४० मध्ये म्हैसूर संस्थानाचे पक्षी-सर्वेक्षण केले, तेव्हाचे बंगळूर म्हणजे पेठ आणि छावणी, आणि भोवती नाचणीची शेते, तळी, माळ. पुस्तकातला आणि जमिनीवरचा, असे खरुचीचे दोन्ही पत्ते तेव्हा पक्के वाटत होते. पुढच्या पन्नास-पंचावन्न वर्षांत दोन्ही हलले.

खरुची हा छोटा ससाणा, जेमतेम दीड-दोनशे ग्रॅम वजनाचा. नराची पाठ विटकरी, डोके आणि शेपूट राखी. बहिरी ससाणा उंचावरून सूर मारून उडता पक्षी टिपतो. खरुची वाऱ्याकडे तोंड करून हवेत एका जागी थांबते. पंख आणि पसरलेली शेपटी सतत हलत असतात, डोके मात्र खिळल्यासारखे स्थिर. खाली गवतात नाकतोडा, सरडा किंवा उंदीर हलला की ती टप्प्याटप्प्याने उतरते आणि झडप घालते. हे तंत्र उघड्या जमिनीवरच चालते, दाट झाडीखालचा उंदीर तिला दिसणार कसा? दक्षिणेतल्या डोंगरकड्यांवर खरुचीची एक स्थानिक उपजाती वीण करते. बेंगळुरूच्या माळांवर हिवाळ्यात दिसणाऱ्या बहुतेक खरुच्या मात्र उत्तरेकडून येतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात.

जुन्या वर्गीकरणात खटकणाऱ्या गोष्टी आधीपासून होत्या. गरुड-घारी काटक्या रचून घरटे बांधतात; ससाणे बांधतच नाहीत, कपारीत किंवा कावळ्याच्या टाकून दिलेल्या घरट्यात अंडी घालतात. गरुड-घारींच्या कुळातला शिक्रा भक्ष्य नख्यांत आवळून मारतो. ससाणा चोचीच्या कडेच्या टोकदार दात्याने मान तोडतो. २००८ च्या जूनमध्ये ‘सायन्स’मध्ये १६९ जातींच्या डीएनएची तुलना प्रसिद्ध झाली आणि निष्कर्षाने पक्षिशास्त्रज्ञ चकित झाले: ससाण्यांचे जवळचे नातलग पोपट आणि चिमण्या-बुलबुलांचा मोठा गण, गरुड-घारी दूरच्या. २०१४ मध्ये ४८ पक्ष्यांच्या संपूर्ण जनुकसंचांनी त्यावर शिक्कामोर्तब केले. फाल्को या प्रजातीत चाळीसच्या आसपास जाती आहेत. युरोप, आशिया आणि आफ्रिकेतल्या खरुच्या हा त्यांतला एक जुना फाटा. अमेरिकेत जिला खरुची म्हणतात, ती मात्र या फाट्यातली नाही. तिनेही माळावरची तीच कला स्वतंत्रपणे साधली. मला हे फार विलक्षण वाटते.

जमिनीवरचा पत्ताही हलत होता. त्याच २००८ च्या मे महिन्यात बेंगळुरूचा देवनहळ्ळी येथील विमानतळ सुरू झाला, सुमारे चार हजार एकरांवर. मग शहर उत्तरेकडे धावले. माळाच्या जागी प्लॉट आले, कुंपणे आली. ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’च्या २०२३ च्या अहवालात ज्या ३३८ जातींचा दीर्घकालीन कल कळला, त्यांपैकी २०४ घटलेल्या आढळल्या, गवताळ आणि उघड्या प्रदेशातल्या पक्ष्यांची अवस्था विशेष वाईट.

ससाण्याला चोच पाहून चुकीच्या घरात बसवले होते. माळाला झाडे नाहीत म्हणून चुकीच्या रकान्यात बसवले. देशाच्या पडीक जमिनींच्या नकाशात चराऊ आणि झुडपी जमिनीही मोडतात. जिच्यावर शेकडो वर्षे गुरे चरली आणि जिने हिवाळी पाहुण्यांना पोसले, ती जमीन पडीक कशी? ही चूक दुरुस्त व्हायला जास्त वेळ लागतो आहे.

शहराच्या वायव्येला अर्कावती नदीवर १८९४ साली बेंगळुरूच्या पाण्यासाठी हेसरघट्टा तलाव बांधला गेला. त्याच्या परिसरात मोठा गवताळ माळ उरला आहे. तिथे चित्रनगरी उभारण्याच्याही गोष्टी झाल्या. पक्षीनिरीक्षक आणि अभ्यासक पिढ्यान्‌पिढ्या नोंदी ठेवत राहिले, आणि त्या नोंदींमुळेच हा माळ रिकामा नाही हे सिद्ध करता आले. सुमारे पाच हजार एकर संवर्धन राखीव करण्याचा प्रस्ताव २०२१ च्या जानेवारीत राज्य वन्यजीव मंडळाने फेटाळला. आजूबाजूच्या गावांना चराई आणि शेतीवर बंधने येतील अशी धास्ती होती, आणि ती समजून घेण्याजोगी होती. प्रकरण उच्च न्यायालयात गेले. अखेर २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये मंडळाने साडेपाच हजारांहून अधिक एकरांना मान्यता दिली.

संवर्धन राखीव म्हणजे अभयारण्य नव्हे. ते सरकारी जमिनीवर घोषित केले जाते, त्याच्या कारभारात ग्रामपंचायतींचे प्रतिनिधी बसतात. खरुचीच्या दृष्टीने बेताची चराई तर हवीच, गवत आखूड राहिले की भक्ष्य दिसते. धोका वेगळाच आहे. ‘हरित’ करण्याच्या उत्साहात तिथे खड्डे खणून रोपे लावली, तर माळ कागदावर राखीव राहील आणि खरुचीला थांबायला जागा उरणार नाही. पुढच्या व्यवस्थापन आराखड्यात वृक्षारोपणाला स्पष्ट मनाई लिहिली जावी, आणि ती कुठल्याही वनमहोत्सवाआधी लिहिली जावी.