गायरानावर इतकी गवते एकत्र कशी टिकतात?

जालना जिल्ह्यातल्या गायरानावर कुसळी, पवन्या, मारवेल अशी कितीतरी गवते एकमेकांना खेटून वाढतात. ऊन, ओल आणि माती तर सगळ्यांनाच हवी. मग सर्वांत जोमदार गवत बाकीच्यांना हुसकावून एकटेच का उरत नाही? जैवविविधतेच्या सिद्धांतांमधला मोठा वाद या प्रश्नावरून आहे.

जुने उत्तर असे, की प्रत्येक जातीची जगण्याची रीत वेगळी असते. रशियन शास्त्रज्ञ गाउझे यांनी १९३४ मध्ये पॅरामेशियम या एकपेशी जीवाच्या दोन जाती एकाच खाद्यावर वाढवल्या, तेव्हा त्यांतली एक नामशेष झाली: गरज अगदी सारखी असेल तर दोघी एकत्र टिकत नाहीत. माळावर मात्र वाटण्या होतात. मारवेलला खोल, ओल धरणारी जमीन मानवते. कुसळी मुरमाड उतारावरही तग धरते. कुसळीच्या बियांना टोकदार अणी आणि लांब शेपूट असते. दमट हवेत हे शेपूट पीळ सोडते, कोरड्या हवेत पुन्हा पीळ घेते आणि बी मातीत रुतत जाते. वणवा वरून निघून जातो, रुतलेले बी वाचते. मारवेलला गुरे आधी तोंड लावतात, कुसळे आलेल्या गवताला टाळतात.

याच्या उलट उत्तर परिस्थितिकीतज्ज्ञ स्टीफन हबेल यांनी दिले. त्यांनी २००१ मध्ये तटस्थ सिद्धांत पुस्तकरूपाने मांडला. पनामातल्या बारो कोलोराडो बेटावरील ५० हेक्टर जंगलातली झाडे त्यांच्यासमोर होती. त्यांनी धरून चालले, की प्रत्येक झाडाची, जात कोणतीही असो, मरण्याची आणि संतती मागे ठेवण्याची शक्यता सारखीच. कोणती जात वाढेल आणि कोणती लोपेल, हे योगायोगाने ठरते. नव्या जाती निर्माण होऊन आणि बाहेरून बी येऊन तूट भरते.

गृहीतक उघडच खटकणारे आहे. तरीही थोड्या जाती भरपूर आणि बऱ्याच जाती दुर्मीळ, हे निसर्गात सर्वत्र दिसणारे प्रमाण त्यातून नीट निघते. अडचण अशी, की तेच प्रमाण जुन्या सिद्धांतातूनही निघते. विज्ञानाच्या तत्त्वज्ञांचा आक्षेप इथे नेमका लागू पडतो: आकडे जुळले म्हणजे कारण सापडले असे होत नाही. हबेल यांचे गृहीतक वास्तवाचे वर्णन मानायचे, की तुलनेसाठी घेतलेली कोरी पाटी, यावरही एकमत नाही. परिस्थितिकीतज्ज्ञ रिचर्ड लेव्हिन्स यांनी १९६६ मध्येच बजावले होते, की व्यापकता, वास्तवता आणि अचूकता हे तिन्ही गुण एकाच प्रतिमानात पुरेपूर साधता येत नाहीत. नुसते आकडे जुळणे पुरेसे नसल्याने मोजून झालेल्या यादीपेक्षा परिस्थिती बदलून पाहणे अधिक निर्णायक ठरते. अनेक गायरानांवर चराईबंदी केली आणि दरवेळी तीच रुचकर बारमाही गवते परत जोमाने आली, तर ती निव्वळ योगायोगाने आली असे म्हणता येणार नाही.

पण योगायोगाला कमी लेखणेही चूक आहे. कापूस, सोयाबीन आणि मोसंबीच्या शिवारात अडकलेल्या लहानशा तुकड्यावर एखाद्या जातीची मोजकीच रोपे असतात. एका दुष्काळात ती गेली आणि शेजारून बी आले नाही, तर जमीन कितीही अनुकूल असली तरी ती जात तिथून संपते. परिस्थितिकीतज्ज्ञ मार्क व्हेलंड यांनी २०१० मध्ये निवड, यदृच्छा (म्हणजे योगायोग), प्रसार आणि जातिनिर्मिती या चार प्रक्रिया एकाच चौकटीत बसवल्या त्या यासाठीच. मोठ्या सलग माळावर निवडीचा जोर अधिक दिसतो. तुटक गायरानांत यदृच्छेचा वाटा वाढतो आणि तिथे राखलेल्या गवताइतकेच महत्त्व बी आणणाऱ्या बांधांना, ओढ्याकाठांना आणि चरत फिरणाऱ्या गुरांना येते.